अनुभव धागा: बेटावरच्या बंदरातली संध्याकाळ

आपण सांगली-साताऱ्याकडची माणसं नदीकाठची. पाणी म्हटलं की घाट, आणि पावसाळ्यात सांगलीच्या ‘आयर्विन पुलाला पाणी किती फूट?’ एवढंच. चारी बाजूंनी समुद्र असलेल्या गावात आपल्याला काय दिसतं, ते लिहा. किल्ला-देऊळ-बीचची यादी नको. एकच संध्याकाळ. सुरुवात मी करतो.

सोमनाथ-गीर उरकून दीवला पोचलो तेव्हा चार वाजले होते. गुजरातेत दारूबंदी, दीव केंद्रशासित. त्यामुळे निम्मे मित्र कुठे पांगले ते सांगायला नको. मी आणि मेहुणा रिक्षा करून बेटाच्या पश्चिम टोकाला, वणाकबाऱ्याला गेलो. होड्या एकमेकींना इतक्या खेटून उभ्या होत्या, की माणसं एकीतून दुसरीत पाय टाकत धक्क्यावर येत होती. एकजण जमिनीवर बसून जाळं दुरुस्त करत होता. फाटका भाग पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणलेला, हातात प्लॅस्टिकची चपटी सुई, दोरा तिच्यातच गुंडाळलेला. मी जाळ्याची वीस घरं मोजली. पठ्ठ्याने एकदाही खाली पाहिलं नाही. कुठले तुम्ही, तिथे समुद्र आहे का, त्याने विचारलं. नाही, नदी आहे म्हटलं. ‘मग मासा गोडा,’ म्हणाला, आणि जरा कीव आल्यासारखं हसला.

परतताना अंधार पडत होता. खाडीच्या तोंडाशी पाणीकोठा हा छोटा जलदुर्ग, पाण्यात थांबलेल्या दगडी जहाजासारखा. शेजारचा मोठा किल्ला पोर्तुगीजांनी १५३५ मध्ये बांधायला घेतला आणि दीव त्यांच्या हातून सुटलं १९ डिसेंबर १९६१ ला. म्हणजे वडील शाळेत जात होते तेव्हा हा परमुलूख! तिथे उभं राहून हिशेब केला तेव्हा कुठे ते डोक्यात शिरलं.

विटेकर
रामेश्वरम हे बेट आहे, हे आमच्या गाडीतल्या अर्ध्या लोकांना पांबनच्या पुलावर कळलं. दर्शन दुपारीच झालं. संध्याकाळी आईच्या पैंजणाची कडी तुटली म्हणून बाजारात दुकान शोधत होतो, तर एका बोळात गलाईची भट्टी दिसली. आत मूस, चिमटा, कोळशाचा वास. हातवारे करून सांगायला लागलो, तर आतून आवाज, ‘मराठीत बोला की. गाव कंचं?’ माणूस आमच्यापासून दोन गावं सोडून पलीकडचा! खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर गेलीत हे लहानपणापासून ऐकतोय, पण समुद्र ओलांडून गेलेला पहिल्यांदाच भेटला. कडीचे पैसे घेतले नाहीत. उलट दुकान लवकर बंद करून आम्हाला बंदरावर घेऊन गेला. नांगरलेल्या बोटी, लाटेबरोबर खालीवर होणारे दिवे. धनुष्कोडीकडे हात करून १९६४ च्या वादळाबद्दल सांगत होता. स्वतः तेव्हा जन्मलाही नसेल, पण सांगणं डोळ्यांनी पाहिल्यासारखं. निघताना म्हणाला, ‘एक काम करा. भडंग पाठवा.’

साताऱ्याची सून
अंदमानात शहीद द्वीप, म्हणजे पूर्वीचं नील. डिसेंबर. सव्वापाचला अंधारायला लागलं. घरी फोन केला तर सासूबाई अंगणात उन्हात वाती वळत बसलेल्या. घड्याळ दोन्हीकडे एकच! बाकीचे फोटो काढत होते, मी बाजारात भाजी बघत फिरले. आम्ही शेतकरी, सवय जात नाही. तिथली भाजी आजूबाजूच्या बेटांवर बोटीने जाते. टोमॅटोवाल्या बंगाली काकूंना विचारलं, बोट नाही आली तर? त्या म्हणाल्या, मग आम्हीच खातो. दुसऱ्या दिवशी वाऱ्यामुळे आमचीच बोट रद्द झाली, आणि आम्हीही टोमॅटोच खाल्ले.

कासकर
एवढ्या लांब कशाला? बामणोलीला या. बेट नाही, बंदर नाही, मान्य. पण वासोटा किल्ल्याच्या शेवटच्या बोटी परत लागतात, जीप तराफ्यावर चढवताना दहाजण दहा सूचना देतात, आणि मग कोयना धरणाचं पाणी एकदम गप्प होतं. खाली बुडालेली गावं आहेत. आमच्या आजीचंही.

धागाकर्ता
विटेकर, भडंग पाठवलं का?

विटेकर
पाठवलं. पोस्टाने अकरा दिवस लागले, मऊ पडलं. पण कांदा घालून सगळं संपवलं म्हणे. आता डाळिंबं मागतोय.