दाईला दोष आणि पाद्रीबाबांना माफी, हा न्याय कुठला?

रात्रवाचक:
'रोमिओ आणि ज्युलिएट' वाचणाऱ्या बहुतेकांच्या मनात दाईविषयी अढी बसते ती तिसऱ्या अंकाच्या पाचव्या प्रवेशामुळे. रोमिओ व्हेरोनातून हद्दपार झाला आहे, बाप कॅप्युलेट पॅरिस नावाच्या सरदाराशी लग्न लावून द्यायला निघाला आहे, आणि ज्युलिएट दाईकडे धीर मागते; तेव्हा जिने आदल्या रात्रीसाठी दोरीची शिडी आणून दिली, तीच म्हणते की पॅरिसशी लग्न कर, त्याच्यापुढे रोमिओ म्हणजे पोतेरे आहे. वाक्य संतापजनक आहे, यात वाद नाही. पण थोड्याच वेळापूर्वी कॅप्युलेट मुलीला रस्त्यावर भीक मागत मरण्याच्या धमक्या देत असताना 'चूक तुमची आहे, धनी' असे त्याला तोंडावर सुनावून शिव्या खाणारी बाईही तीच. ती त्या घरची नोकर आहे, आणि गुप्त विवाहाचे बिंग फुटले तर पहिली गदा तिच्यावर येणार. पाद्रीबाबा, म्हणजे फ्रायर लॉरेन्स, कॅप्युलेटच्या ताटाखालचे मांजर नव्हते. त्यांनी दोन घराण्यांचे वैर मिटवण्याच्या हिशेबाने मुलांचे लग्न लावले, आणि हिशेब चुकल्यावर सत्य सांगण्याऐवजी ज्युलिएटच्या हाती बेचाळीस तास मेल्यासारखे भासवणाऱ्या गुंगीचे औषध ठेवले. तरी दोष दाईचा?

नेपथ्य:
आपण फ्रायरवर अन्याय करत आहात. ज्युलिएट त्यांच्या मठीत येते ती हातात सुरी घेऊन, उपाय नसेल तर इथेच जीव देते असे बजावत. तिला त्या घटकेला जिवंत ठेवणे हेच पहिले काम होते, आणि योजना फसली ती रोमिओकडे चिठ्ठी घेऊन निघालेल्या फ्रायर जॉनला प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडले गेल्यामुळे. दाईचे तसे नाही. तिची मुलगी सुझन ज्युलिएटच्याच वयाची, ती गेली आणि हिला तिने अंगावर पाजले. भूकंपाच्या दिवशी स्तनाला कडू लेप लावून दूध कसे तोडले, हे अकरा वर्षांनंतरही ती रंगवून रंगवून सांगते. (तो प्रवेश मला नाटकातला सर्वांत जिवंत प्रवेश वाटतो.) इतक्या जवळच्या माणसाने ज्या सहजतेने शब्द फिरवला, ती सहजताच अक्षम्य आहे. ज्युलिएट वर वर 'तू माझे फार सांत्वन केलेस' असे म्हणते, आणि त्या क्षणापासून तिला मनातले काही सांगत नाही. औषध घेण्यापूर्वी भीतीने तिच्या तोंडून दाईला हाक निघते. लगेच ती स्वतःला थांबवते, कारण दाई इथे येऊन करणार तरी काय. चौदा वर्षेही पूर्ण न झालेल्या मुलीला हे एकटेपण दाईने दिले.

रात्रवाचक:
प्लेगची ढाल फार काळ टिकत नाही. हद्दपारीच्या रात्री फ्रायरनी रोमिओला शब्द दिला होता की इथली खबर तुझ्याच नोकराकरवी मांटुआला, तुझ्या हद्दपारीच्या गावी, कळवीत जाईन. ऐन वेळी मात्र त्यांनी चिठ्ठी दुसऱ्या पाद्र्याच्या हाती दिली, आणि रोमिओचा नोकर बाल्थझार ज्युलिएटला कबरीत ठेवताना पाहून तीच खोटी बातमी घेऊन तडक मांटुआला पोहोचला. त्याला विश्वासात घेतले असते तर? आणि थडग्यातले काय? गस्तवाल्यांची चाहूल लागताच जोगिणींच्या मठाची भाषा करून फ्रायर काढता पाय घेतात आणि शुद्धीवर आलेल्या मुलीला नवऱ्याच्या प्रेताशेजारी, त्याच्या कट्यारीच्या सोबतीला सोडतात. एकटेपणच मोजायचे तर हेही मोजा.

शेवटचा बाक:
दोघेही ज्युलिएटच्याच बाजूचे मोजत आहात. रोमिओलाही जिवलग होते. पहिल्या अंकात मित्र बेन्व्होलिओ त्याच्याकडून आधीच्या प्रेमाची, रोझलाइनची, हकिगत गोड बोलून काढून घेतो. पण ज्युलिएट भेटल्यावर रोमिओ फ्रायरकडे धावतो, मित्रांना अवाक्षर सांगत नाही. परिणाम तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला दिसतो. ज्युलिएटचा मामेभाऊ टिबल्ट घडीभरापूर्वीच आपला सोयरा झाला आहे हे भर चौकात बोलता येत नसल्यामुळे रोमिओ त्याचे अपमान गिळतो, दुसरा मित्र मर्क्युशिओ, त्याला ती शरणागती वाटते, तो तलवार उपसतो आणि मरतो, तोही आपण कशापायी मेलो हे न कळता. त्याच्या सूडापायी रोमिओने टिबल्टला मारले, हद्दपारी तिथूनच आली. समवयस्कांना वगळून सगळा भरवसा दोन वडीलधाऱ्यांवर टाकला, घात तिथे झाला.

नेपथ्य:
मर्क्युशिओला सांगितले असते तर संध्याकाळपर्यंत व्हेरोनाभर त्याची टवाळी झाली असती. ज्याची जीभ रोझलाइनवर घसरताना थांबत नाही, त्याच्याकडे गुपित ठेवणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. फ्रायरच्या बाजूने अखेरचे एवढेच, की नाटकाचा आधार असलेल्या आर्थर ब्रुकच्या १५६२ च्या काव्यात विवाह लपवल्याबद्दल दाईला हद्दपार केले जाते आणि फ्रायर सुटतात. शेक्सपिअरने दाईची ती शिक्षा गाळली आणि फ्रायरच्या तोंडी भर दरबारात नव्हे, पण राजासमोर पूर्ण कबुली घातली. आपला दोष ठरला तर म्हातारा जीव घ्या, असे ते स्वतः म्हणतात.

रात्रवाचक:
ती कबुली पुन्हा वाचावी ही विनंती. जीव देण्याची तयारी दाखवण्याआधी फ्रायर एक वाक्य घालतात, की या विवाहाची माहिती दाईलाही होती. दाई त्या प्रवेशात नाही. 'आम्ही तुम्हाला नेहमीच साधुपुरुष मानत आलो' असे म्हणून राजा फ्रायरना तिथल्या तिथे मोकळे करतो आणि शेवटी काहींना माफी, काहींना शिक्षा असे जाहीर करतो. शिक्षा होणाऱ्यांत कोण, हे तो सांगत नाही. पण फ्रायरनी नाव घेतलेली ती बाई घरी आहे, आणि तिला कोणी काही विचारलेले नाही.