यादवी की गृहयुद्ध? (आणि सुकट)

खाडीपलीकडची: बियाफ्रावरची कादंबरी वाचतेय, नायजेरियातलं १९६७ ते १९७० चं सिव्हिल वॉर. सुरुवातीची प्रकरणं झाली तरी गोळी एकही सुटलेली नाही, नुसते पाहुणे, बाजार, लग्नाची बोलणी, आणि पुढे काय होणार ते आपल्याला माहीत असल्यामुळे तेच जास्त अंगावर येतं. वाचनालयाच्या ग्रुपवर 'यादवीवरची कादंबरी' असं लिहिलं तर एका काकांनी चारचौघांत टोकलं, यादवी नव्हे गृहयुद्ध म्हणा. रत्नागिरीत मी तरी यादवीच ऐकलंय.

गडगा: काकांना सांगा, गृहयुद्ध हिंदी बातम्यांतून आलेला पाहुणा आहे. यादवी आपली, थेट महाभारतातल्या मौसलपर्वातली. यादव प्रभासला दारू पिऊन भांडले, एरका गवत उपटलं त्याची मुसळं झाली नि एकमेकांना ठेचलं.

सड्यावरून: तिथेच तर घोळ आहे ना. यादव एका कुळातले. इकडे १९६६ ला उत्तरेत इग्बोंच्या, म्हणजे मूळच्या पूर्वेकडच्या लोकांच्या, कत्तली झाल्या, मग ३० मे १९६७ ला पूर्वेने बियाफ्रा हा वेगळा देश जाहीर केला, म्हणजे इंग्रजांनी बांधलेली मोट सुटली. यादवी म्हटलं की सगळेच सारखे झिंगलेले नि सारखेच दोषी वाटतात.

गडगा: बोलताना कोण एवढं मौसलपर्व आठवतं हो? आमच्या चुलत्यांची फणसावरून कोर्टात केस चालू आहे, सातबाऱ्यावर अख्खं गाव, त्यालाही आजी यादवीच म्हणायची.

सड्यावरून: ती भाऊबंदकी. शब्द आहे की त्याला.

खाडीपलीकडची: बरं ते राहू दे. बियाफ्राच्या नाकेबंदीमुळे उपासमार होते तेव्हा मदतीत नॉर्वेचा सुका कॉड मासा यायचा, मीठ न लावता वाऱ्यावर वाळवलेला. आईला सांगताना मी सुकट म्हटलं, चालेल ना?

मालवणचो: सुकट?? सुकट म्हणजे सुको जवलो, आमच्याकडे तेका गोलमो म्हणतत. कॉड केवढो नि जवलो केवढो!

अलिबागकर: आमच्या घरी सगळ्याच सुक्या मासळीला सुकट म्हणतात.

गडगा: मग बाजारात सुकट-बोंबील असं वेगळं का मागतात? बिनमिठाचा, वाऱ्यावर वाळवलेला म्हणजे बोंबलाचाच प्रकार झाला. सुका कॉड म्हणा नि मोकळ्या व्हा. खारा मात्र म्हणू नका.

अलिबागकर: मागतात ते मुंबईवाले.

मालवणचो: मगे सोडे पण सुकटच काय रे तुमच्यात? भाव बघितलंस सोड्यांचो?