समोरचा गाडीवर असेल तर फोन कुणी ठेवायचा?

निशिगंध
मागच्या महिन्यात संध्याकाळी सव्वासातला मी मुलाला फोन केला. येताना दही आण, एवढंच सांगायचं होतं. तो इथे इंदूरमध्येच विजयनगरहून ऑफिस सुटून स्कूटरवर राजेंद्रनगरला घरी येत होता. त्याने उचलला. ‘हो आई, आणतो, आत्ताच भंवरकुआं ओलांडलं,’ म्हणाला. मी तिथेच ठेवायला हवा होता. पण कुठलं दही, किती, काल आणलेलं कसं आंबट निघालं, हे सगळं सांगत बसले. तेवढ्यात पत्रा रस्त्यावर घासल्यासारखा खर्रकन आवाज आला आणि त्याचं बोलणं थांबलं. हॉर्न ऐकू येत होते, मी नुसती ‘हॅलो, हॅलो’ करत होते. मग कुणी अनोळखी माणूस बोलला, ‘आंटी, भैया गिर गए हैं, घबराना मत, होश में हैं.’

कॉलर बोन मोडलं. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. पण फोनही त्याच हेल्मेटात, गाल आणि आतल्या पॅडच्या मध्ये खुपसलेला होता. पडताना तो बाहेर फेकला गेला. दवाखान्यात मी पोचले तेव्हासुद्धा त्याच्या गालावर फोनच्या कडेचा सरळ लाल वळ दिसत होता.

पुढे एक रिक्षा थांबून सवारी उतरवत होती. रस्ता सरळ, दिवे चालू. तो म्हणतो, ‘आई, मला ती दिसलीच नाही.’

सगळे त्याला बोलतात, गाडीवर फोन कशाला उचललास. तू केलास कशाला, असं मला कुणी विचारत नाही. त्याची सुटायची वेळ मला पाठ आहे. तो गाडीवर असणार हे मला कळायला हवं होतं. आणि एखाद्या दिवशी उचलला नाही तर रागावणारीही मीच.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: फोन लागला की पहिलं वाक्य ‘गाडीवर आहेस का?’ आणि समोरून हो आलं की दुसरं वाक्य न बोलता आपणच ठेवायचा. गाडीवरचा माणूस घरच्यांचा फोन कापत नाही. आईवडिलांचा, सासूबाईंचा तर नाहीच. ते काम फोन करणाऱ्याचं. तुम्हाला पटतं का?

सुयोग_पलासिया
ताई, मुलगा लवकर बरा होवो. हेल्मेटात फोन खुपसणं चूकच. पण त्यावरून गाडीत बोलूच नये हे पटत नाही. मी रोज कारने पीथमपूरला जातो. जायला तास, यायला तास. फोन ब्लूटूथवर, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८४ मध्ये आलं ते हातात धरलेल्या उपकरणाबद्दल आहे. पहिल्या वेळी एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. हँड्सफ्रीचा त्यात उल्लेख नाही. शेजारी बसलेल्या बायकोशी बोलणं आणि फोनवर बायकोशी बोलणं, फरक काय?

कमलिनी
फरक आहे सुयोगभाऊ, आणि तो तपासलेला आहे. मी मानसशास्त्र शिकवते, दरवर्षी वर्गात हा विषय निघतो.

शेजारी बसलेल्या माणसालाही रस्ता दिसतो. समोर ट्रक आडवा आला की तो बोलता बोलता थांबतो, ‘अरे बघ’ म्हणतो. फोनवरच्या माणसाला ट्रक दिसत नाही, तो बोलतच राहतो. ताईंचं दह्याचं बोलणं चालू राहिलं ते याचमुळे. त्यांना रिक्षा दिसत असती तर त्या एक शब्द पुढे बोलल्या नसत्या.

दुसरं, हात मोकळे असले म्हणून लक्ष मोकळं होत नाही. १९९७ मध्ये रेडेलमायर आणि टिब्शिरानी या दोन संशोधकांनी टोरांटोतल्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी त्यांच्या अपघातांच्या वेळांशी जुळवून पाहिल्या. फोनवर असताना धडकेचा धोका सुमारे चौपट निघाला आणि हँड्सफ्री वापरणारे त्यातून सुटले नाहीत. यूटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर यांनी हेच पुढे नेलं. हँड्सफ्रीवर बोलणाऱ्यांची नजर समोरच्या वस्तूवर पडत होती, पण ती पाहिल्याची नोंद मेंदूत होत नव्हती. त्यामुळे ताईंचा मुलगा ‘दिसलीच नाही’ म्हणतो तेव्हा तो बहाणा करत नाहीये. त्याला खरोखर दिसली नाही. कृपा करून त्याला खोटं ठरवू नका.

रामबागचा_अभियंता
रस्त्यांच्या कामात आयुष्य गेलं, म्हणून थोडं विरोधी बोलतो. फोनच्या मागे लागणं सोपं आहे, कारण त्यात चूक एका माणसावर ढकलता येते. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. सरकारी अहवालात त्यातले सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खात्यात आहेत. फोनचा वाटा त्यामानाने फारच लहान आहे. रिक्षा रस्त्याच्या मधोमध सवारी उतरवते तिचं काय? उलट्या बाजूने येणारे, विनादिव्याचे ट्रॅक्टर, डिव्हायडरमध्ये लोकांनी पाडलेल्या फटी? त्या मुलाचा फोन नसता आणि रिक्षा तशीच उभी असती तरी कुणी ना कुणी तिला ठोकलंच असतं. रिक्षांना थांबायची जागा आखून द्या, ती पाळायला लावा. आईने फोन करू नये ही काही वाहतुकीची योजना नव्हे.

कमलिनी
काका, अतिवेगाबद्दल दुमत नाही. पण त्या आकड्यांच्या मागचं जरा पाहा. अपघातानंतर पंचनाम्यात कारण एकच लिहितात. वेगाची खूण रस्त्यावर राहते. फोन खिशात परत जातो, आणि ब्लूटूथ तर कुणाला दिसतच नाही. मेलेला माणूस सांगू शकत नाही आणि वाचलेला सांगत नाही. या मुलाच्या कागदावर तरी ‘फोन’ लिहिलंय का?

निशिगंध
नाही लिहिलेलं. ‘स्कूटर घसरली’ असं लिहिलंय. तेही आम्हीच सांगितलं होतं.

दोनचाकी_रात्रपाळी
सगळं वाचलं. मी घरपोच खाणं पोचवतो. दुपारी बारा ते रात्री अकरा गाडीवरच असतो. तुमच्या चर्चेत आमचा विचार कुठे दिसला नाही म्हणून लिहितो.

माझा फोन हँडलवरच्या क्लॅम्पमध्ये असतो. नकाशा त्यावर, ऑर्डर त्यावर, फोनही त्यावरच. नवी ऑर्डर आली की घंटा वाजते आणि काही सेकंदांत बोट लावावं लागतं. नाही लावलं तर ती दुसऱ्याला जाते. ग्राहकाने टाकलेलं ठिकाण दोन गल्ल्या पलीकडचं निघतं. मग तो फोन करतो, ‘कहाँ हो भैया, कितना टाइम?’ नाही उचलला तर स्टार कमी. तुमच्या घरच्यांना तुम्ही ‘ठेवा’ म्हणू शकता. मी कुणाला म्हणू?

चालान झालं तर माझ्या खिशातून, पडलो तर माझं हाड. म्हणून मला ही ‘आपणच ठेवायचा’ गोष्ट अर्धीच वाटते. आईने ठेवला तरी कंपनीची घंटा ठेवत नाही.

सुयोग_पलासिया
भाऊ, नकाशाची तर कायद्यातच मुभा आहे. ऑक्टोबर २०२० पासून नियमात तसं लिहिलंय, रस्ता पाहण्यापुरता फोन चालतो.

दोनचाकी_रात्रपाळी
लक्ष विचलित होणार नाही अशा तऱ्हेने, असंही त्यातच लिहिलंय. घंटा वाजत असताना लक्ष कसं विचलित होणार नाही ते मला कुणी शिकवलं नाही. चाळीसच्या वेगाने गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. दोन सेकंद खाली पाहिलं की बावीस मीटर डोळे मिटून. मी हे रोज वीस-पंचवीस वेळा करतो. भीती वाटते म्हणून लिहितोय.

नारायणबाग_७१
मी वेगळ्या कारणाने असहमत आहे. पत्नी हृदयरोगी आहे, दोनदा स्टेंट घातलेत. मुलगा देवासला नोकरी करतो, रोज कारने ये-जा. रात्री तिला दम लागला तर मी त्याला फोन करणार आणि त्याने तो उचललाच पाहिजे. ‘गाडीवर आहेस का’ विचारून ठेवून दिला तर मी काय करू? म्हातारी माणसं एकटी आहेत, त्यांना हा नियम परवडत नाही.

निशिगंध
काका, तुमच्यासाठी नियम मोडायलाच हवा, यात वाद नाही. पण तुमचा फोन महिन्यातून एखादा येणार. माझे दिवसाला चार जात होते. भाजी, दही, कुठवर आलास, निघालास का. चारही नुसत्या सवयीचे. मुलाने सगळेच उचलायचे, कारण त्यातला खरा कुठला हे त्याला कसं कळणार? आम्ही आता घरी ठरवलंय. एकदा वाजला आणि थांबला तर साधा फोन, गाडी थांबवली की तो करेल. लागोपाठ दोनदा वाजला तर कुणाला तरी काही झालंय. मग त्याने गाडी बाजूला घ्यायची, स्टँड लावायचा आणि मगच बोलायचं. तुमच्या मुलाशी असं काही ठरवता येईल का पाहा.

नारायणबाग_७१
हे करता येईल. आज आला की बोलतो.

सुयोग_पलासिया
मला अजूनही वाटतं की कारमध्ये शांतपणे केलेलं साधं बोलणं आणि स्कूटरवर हेल्मेटात फोन कोंबणं एका पारड्यात घालू नये. पण एक कबूल करतो. परवा राऊच्या वळणावर मी सप्लायरशी पैशावरून भांडत होतो. घरी आल्यावर ते वळण कधी गेलं हे आठवेना. ते बोलणं साधं नव्हतं. आणि माझ्या नव्या गाडीत एसी कमी करायलाही पडद्यावर दोनदा बोट लावावं लागतं. जुन्या गाडीत न बघता चक्री फिरवायचो. त्याबद्दल कुणी बोलत नाही.

रामबागचा_अभियंता
पडद्याचं बोललात ते बरं केलंत. चौराह्यांवरचे हलत्या चित्रांचे मोठे फलकही त्यातच धरा. सिग्नल बघायच्या जागी डोळा तिकडे जातो.

मात्र लोकांनी घरोघरी ठरवून शहर सुधारतं यावर माझा विश्वास कमी आहे.

कमलिनी
काका, हे इंदूरमध्ये राहून म्हणता? ओला-सुका कचरा वेगळा ठेवायला आपल्याला कुणी पटवेल असं २०१५ मध्ये वाटलं होतं का? सलग सात वेळा स्वच्छतेत पहिला नंबर आला तो घरोघरी दोन डबे ठेवले गेले म्हणूनच.

रामबागचा_अभियंता
डबे ठेवले, पण दारात रोज गाडी आली म्हणून. गाडी आली नसती तर डबे आठवड्यात गेले असते. मी तेच म्हणतोय. कंपन्यांची घंटा गाडी चालू असताना वाजूच नये, असा नियम आधी करा. मग आईला सांगा.

निशिगंध
काका, मी वाट बघू शकत नाही. माझा मुलगा पुढच्या महिन्यात परत गाडीवर बसणार आहे.

दोनचाकीभाऊ, तुम्हाला एक विचारायचं होतं. आम्ही ऑर्डर देतो तेव्हा पत्त्याखाली सूचना लिहायची जागा असते. तिथे ‘फोन करू नका, उशीर चालेल’ असं लिहिलं तर तुम्हाला उपयोग होतो का?

दोनचाकी_रात्रपाळी
होतो ताई. पण नुसतं तेवढं लिहू नका, पत्ता सापडला नाही तर मलाच फोन करावा लागतो. घराचा नंबर अंधारात दिसत नाही. समोर काय आहे ते लिहा, पिठाची गिरणी, निळं गेट, काय असेल ते. आणि गाडी कुठे लावायची तेही. मग मला तुमच्या गल्लीत फोन बघत फिरावं लागणार नाही.