वाचता न येणाऱ्या पोरांसाठी जादा तासाचे पैसे सरकारने द्यावेत का?

गोदाकाठ

थेट मुद्द्यावर येतो. चौथी-पाचवीतल्या ज्या पोराला दुसरीचा धडा वाचता येत नाही आणि हातच्याची वजाबाकी येत नाही, त्याला रोज एक तास वेगळं शिकवणारं माणूस सरकारने मानधन देऊन नेमावं. कंपन्यांच्या सीएसआर निधीच्या मेहेरबानीवर नाही, शिक्षकांच्या ‘उत्स्फूर्त सहभागा’वर तर मुळीच नाही. अर्थसंकल्पात रीतसर लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं वेगळं खातं, हवं.

आकडे सगळ्यांना माहीत आहेत, तरी एकदा मांडतो. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ नावाच्या २०२४ च्या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधली तिसरीची २३.४ टक्के मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकली. २०२२ मध्ये हाच आकडा १६.३ होता. म्हणजे सुधारणा आहे, आणि तरीही चारातल्या तिघांना वाचता येत नाही. ‘निपुण भारत’ हे केंद्राचं अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं तेव्हा २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचता यावं आणि साधी गणितं करता यावीत असं ठरलं होतं. कॅलेंडर बघा.

ज्यांच्या खिशात पैसे आहेत त्यांनी उत्तर शोधलंय. २०२२ च्या ‘असर’नुसार खेड्यांतली ३०.५ टक्के मुलं पैसे देऊन शिकवणीला जात होती. उरलेल्यांसाठी तामिळनाडूने २०२१ मध्ये ‘इल्लम तेडी कल्वी’ काढली: वस्तीतलेच स्वयंसेवक, संध्याकाळचा वर्ग, महिना १००० रुपये मानधन. कोविडमध्ये मुलांचं जे शिकणं बुडालं होतं त्यातलं सुमारे दोन तृतीयांश शाळा उघडल्यावर सहा महिन्यांत भरून निघालं, आणि त्या भरपाईतला जवळपास चौथा हिस्सा या वर्गांचा, असं अभ्यासकांनी मोजून दाखवलं. आपल्याकडे हे का नको?

रेवाची आई

सहमत. आमच्या कॉलनीत पहिलीची पोरंसुद्धा ‘क्लास’ला जातात, कारण शाळेत एका बाईंकडे साठ मुलं. माझी जाते. धुणीभांडीवाल्या ताईंचा मुलगा तिच्याच वयाचा, तो नाही जात. एवढाच फरक आहे दोघांत, आणि तो आत्ताच दिसायला लागलाय.

खडू-डस्टर

गोदाकाठ साहेब, मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. शिक्षक दोन, वर्ग पाच. त्यातला एक जण कायम बीएलओच्या म्हणजे मतदारयादीच्या कामाला, पोषण आहाराच्या नोंदींना, यू-डायसवर शाळेची माहिती आणि मुलांचे अपार आयडी भरायला. आरटीईचं, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याचं, कलम २७ वाचा: जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम देता येत नाही. निवडणुकीच्या नावाखाली काय काय येतं ते आमच्या गटात येऊन बघा.

आता तुमचा जादा तासवाला. माझ्याकडे एक मुलगा ४२ मधून १७ वजा करतो आणि ३५ लिहितो. दर वेळी ३५. सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. आपण चुकतोय हे त्याच्या गावीही नाही, कारण मोठ्यातून लहान काढायचं एवढंच त्याच्या डोक्यात बसलंय. पाढे म्हणून घेऊन किंवा अजून दहा उदाहरणं घालून हे जात नाही. काड्यांच्या जुड्या घेऊन बसावं लागतं, चारातली एक जुडी त्याच्या हातून सोडवून घ्यावी लागते, सुट्या दोनच्या बारा झालेल्या त्याला मोजू द्याव्या लागतात. मग सात काढायचे. हे १००० रुपयांत येणाऱ्या बारावी पास मुलीने करायचं? मग आम्ही डीएड आणि टीईटी कशासाठी केलं?

आधी रिक्त जागा भरा. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर पोरं वर्षानुवर्षं ताटकळतात आणि सरकार स्वस्तातला पर्याय शोधतं. निवृत्त शिक्षकांना २०,००० रुपयांवर परत बोलवायचं २०२३ मध्ये ठरलंच होतं. आता ही पुढची पायरी.

पारावरचा

योजना येणार म्हणजे ॲप येणार, ॲप म्हणजे फोटो. जिओ टॅगसहित. पोराला वाचता येवो न येवो, फोटोत पुस्तक सरळ धरलेलं पाहिजे.

हिशेबनीस

खडू-डस्टर सर, बारावी पास मुलीने हे करून दाखवलंय, तेही आपल्या मुंबईत. ‘प्रथम’ने मुंबई आणि वडोदऱ्यात बालसखी नेमल्या होत्या. वस्तीतल्याच मुली, मानधन महिन्याला ५०० ते ७५०, वर्गातली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज सुमारे दोन तास त्यांच्याकडे. २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी याची तुलना बालसखी न दिलेल्या वर्गांशी केली. पहिल्या वर्षी गुणांत ०.१४ प्रमाण विचलनाची (मुलांचे गुण किती पसरलेले असतात त्याच्या मापाची) वाढ, दुसऱ्या वर्षी ०.२८. शिक्षणातल्या प्रयोगांत हा आकडा लहान नाही.

मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. मागे पडलेली मुलं बाहेर गेल्यावर शिक्षकांकडे वर्ग छोटा उरला. त्या उरलेल्या मुलांत फारशी सुधारणा दिसली नाही, फायदा जवळजवळ सगळा बालसखीकडे गेलेल्यांचा. म्हणजे ‘जागा भरा, पटसंख्या कमी करा, बाकी आपोआप होईल’ हे एवढं सरळ नाही. जुडी सोडायला आठवड्याभरात शिकवता येतं. त्या मुलाशेजारी बसायला वेळ असलेलं माणूस मिळत नाही, अडचण ती आहे.

खडू-डस्टर

त्याच अभ्यासातला पुढचा भाग सोडलात. बालसखी बंद झाल्यावर वर्षभराने ती वाढ ०.१ च्या आसपास घसरली. कुबडी काढली की पोर पुन्हा तिथंच.

आणि प्रयोगांचंच बोलायचं तर हरियाणाचा सांगा की. २०१२-१३ मध्ये तिथे नेहमीच्याच शिक्षकांनी रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट केले: अक्षरवाले एकीकडे, शब्दवाले एकीकडे, परिच्छेद वाचणारे एकीकडे. हिंदी वाचन सुधारलं. त्याआधी बिहारमध्ये शिक्षकांना नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य दिलं तेव्हा काही हललं नव्हतं. फरक कशाचा? तास राखून दिला होता, आणि त्या तासाला दुसरं काम नव्हतं. मला तो तास द्या, बाहेरचं माणूस नको.

हिशेबनीस

हरियाणात गणित सुधारलं नव्हतं, हेही सांगा. तुमचा ३५ वाला तिथे असता तर ३५ च लिहीत राहिला असता.

आणि घसरणीचं म्हणाल तर, आधार काढल्यावर परिणाम ओसरतो यावरून आधार चालू ठेवावा असंही निघतं. बीपीची गोळी बंद केल्यावर बीपी वाढलं म्हणून गोळीला कुणी नावं ठेवत नाही.

बालाघाट

तुम्ही सगळे जूनपासून एप्रिलपर्यंत एका जागी बसलेलं मूल धरून बोलताय. आमच्या बीडकडे दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पोरं आईबापाबरोबर फडावर, कारखाना कर्नाटकात का सांगलीत ते मुकादमाला माहीत. परत येतात तेव्हा परीक्षा तोंडावर असतात. हंगामी वसतिगृहं आहेत, दुसऱ्या गावच्या शाळेत बसायला शिक्षण हमी पत्रक आहे, कागदावर सगळं आहे. पण दुसरीत गेलेलं पोर पाचवीत येईपर्यंत तीन हिवाळे शाळेबाहेर राहिलेलं असतं. काना-मात्रा झाली की वेलांटीच्या वेळी ते फडावर.

जादा तासाचे पैसे द्यायचेच तर माझ्या मते पहिला रुपया इथे यावा. शिकवणारी टोळीबरोबर जाणारी हवी. टोळीत दहावी झालेल्या सुना आहेत, कोयता धरतात. तिला महिन्याचं मानधन द्या आणि अर्धा दिवस कोयता खाली ठेवू द्या. शाळेच्या इमारतीत संध्याकाळी वर्ग भरवून आमच्या पोरांना काय उपयोग?

गोदाकाठ

बालाघाट, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण मुकादम तिला सोडेल का? उचल, म्हणजे आगाऊ पैसे, तर नवरा-बायकोच्या जोडीची, कोयत्यावर घेतलेली असते.

बालाघाट

नाही सोडणार. म्हणून तर मानधन मजुरीएवढं हवं, आणि उचलीतला तिचा वाटा आधी फिटायला हवा. १००० रुपयांत ते होत नाही.

लेस्टरकर

इकडचा अनुभव. इंग्लंडमध्ये कोविडनंतर सरकारने राष्ट्रीय शिकवणी योजना काढली. सुरुवातीला काम बाहेरच्या कंपनीकडे होतं, ते २०२२ मध्ये काढून पैसे थेट शाळांना दिले. पण सरकारचा वाटा दरवर्षी घटत गेला, उरलेला शाळांनी स्वतःच्या बजेटमधून घालायचा. ज्या शाळांना सगळ्यात जास्त गरज होती त्यांच्याकडे तो नव्हता. ऑगस्ट २०२४ मध्ये योजना संपली. शिकवण्याबद्दल फारशी तक्रार नव्हती. पैशाची रचनाच अशी होती की योजना संपणारच.

पारावरचा

आपल्याकडे तरी वेगळं काय? मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत कितीतरी पोरं झेडपीच्या शाळांवर आली. महिन्याला बारावीला ६,०००, पदवीधराला १०,०००. मुलांना लळा लागेपर्यंत सहा महिने संपले. मग पाच महिने मुदतवाढ, मग मोर्चे. कायम करा म्हणून.

खडू-डस्टर

पारावरच्यांनी माझं काम सोपं केलं. आमच्याकडे अशी एक मुलगी होती, चांगली होती. पाच पोरं ‘शब्द’वरून ‘परिच्छेद’वर आणली तिने, मी मान्य करतो. आता ती तालुक्याला मॉलमध्ये आहे.

गोदाकाठ, तुमच्या लेखाशीर्षात किमान तीन वर्षांची नेमणूक आणि शिक्षणसेवकाच्या, म्हणजे नव्याने लागलेल्या शिक्षकाच्या, १६,००० च्या जवळपास मानधन लिहा, शिवाय या नेमणुका रिक्त पदांत मोजल्या जाणार नाहीत हे शासन निर्णयात छापून आणा. मग आमच्या संघटनेत हा विषय मी मांडतो. तेवढं लिहिणार नसाल तर माझा विरोध कायम.

हिशेबनीस

१६,००० लावले तर वित्त विभाग फाइल उघडणारसुद्धा नाही.

खडू-डस्टर

नाही उघडली तर आम्हाला कळेल की हा विषय किती महत्त्वाचा आहे ते.