मदत हवी आहे: फ्रीलान्स कामाचं विवरणपत्र – बँकेत जमा झालेला आकडा भरायचा की बिलांचा?

आर्थिक वर्ष 2025-26 चं विवरणपत्र भरायचं आहे. काम सॉफ्टवेअर बनवण्याचं, नोकरी नाही, जीएसटी नोंदणी नाही, रोखीत काही घेतलेलं नाही. जमा अशी:

एका कंपनीला वर्षभरात 9,60,000 ची बिलं. 10 टक्के टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारकडे भरायचा आयकर) कापून पैसे येतात. यातलं 80,000 चं शेवटचं बिल मार्चमधलं. त्यावर 8,000 टीडीएस मार्चमध्येच कापला, पण 72,000 खात्यात आले एप्रिलमध्ये. दुसऱ्या एका ग्राहकाकडून 1,80,000, टीडीएस नाही. एका देशी ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून 2,70,000. त्यांनी 30,000 कमिशन आधीच कापून घेतलं.

31 मार्चपर्यंत बँकेत आले 12,42,000. बिलांची बेरीज 14,40,000. 44एडीए (खर्च न मांडता जमेच्या निम्मी रक्कम नफा धरू देणारं आयकराचं कलम) घ्यायचं आहे. नेमका कोणता आकडा टाकू?

प्रतिसाद 1

14,40,000. बँकेचा आकडा टाकणं ही या विवरणपत्रातली सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.

कापलेला टीडीएस हे तुमचंच उत्पन्न आहे, फक्त ते तुमच्या नावाने सरकारकडे आधी पोचलंय. 96,000 चं क्रेडिट मागायचं आणि जमा मात्र ते वजा करून दाखवायची, हे जुळत नाही. फॉर्म 26एएसमध्ये (तुमच्या नावावर कापलेल्या टीडीएसचा सरकारी उतारा) कंपनीने 9,60,000 दाखवलेले असतात. तुमची एकूण जमा त्याच्याशी विसंगत निघाली की 139(9) खाली सदोष विवरणपत्राची नोटीस येते, आणि उत्तराला 15 दिवस मिळतात.

कमिशनचंही तेच. प्लॅटफॉर्मवर ग्राहकाने 3,00,000 भरले, ती तुमची जमा. 30,000 हा खर्च. आणि 44एडीएमध्ये खर्च वेगळा वजा होत नाही; जमेच्या निम्मी रक्कम नफा धरली की कमिशन, इंटरनेट, लॅपटॉपचा घसारा सगळं उरलेल्या निम्म्यात आलं. नफा त्याहून जास्त दाखवता येतो. कमी दाखवला आणि एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर हिशोबाची पुस्तकं आणि ऑडिट मागे लागतं.

तुमच्या बाबतीत गंमत बघा: 14,40,000 च्या निम्मे 7,20,000. नव्या करप्रणालीत 4 लाखांवरच्या 3,20,000 वर 5 टक्के म्हणजे 16,000 कर, आणि 12 लाखांच्या आत असल्याने 87ए च्या सवलतीने तोही शून्य. दुसरं काही उत्पन्न नसेल तर 96,000 पूर्ण परत. जमा कमी दाखवून एक रुपयाही वाचणार नव्हता, उलट हाच परतावा अडकला असता.

प्रतिसाद 2

मार्चच्या बिलाबद्दल थोडं वेगळं. हिशोब तुम्ही कोणत्या पद्धतीने ठेवता ते आधी ठरवा. बिल केलं की उत्पन्न धरत असाल, तर वर सांगितलेलं बरोबर. पैसे हातात आले की उत्पन्न धरत असाल, तर ते 80,000 पुढच्या वर्षाचे आणि यंदाची जमा 13,60,000.

पण मग त्यावरचे 8,000 यंदा मागायचे नाहीत. टीडीएसच्या तक्त्यात यंदाच्या दाव्याच्या रकान्यात 88,000 आणि पुढे नेण्याच्या रकान्यात 8,000 भरा. टीडीएस नेहमी उत्पन्नाच्या मागे जातो (नियम 37बीए). पद्धत मात्र दरवर्षी बदलायची नाही, गेल्या वर्षी जी होती तीच.

प्रतिसाद 3

भाषांतर आणि लेखनाचं काम असेल तर हेच चालेल का? टीडीएस 194जे (व्यावसायिक शुल्कावरच्या टीडीएसचं कलम) खालीच कापला आहे.

प्रतिसाद 1

टीडीएस कोणत्या कलमाखाली कापला यावरून व्यवसाय ठरत नाही, तो कापणाऱ्याचा समज असतो. 44एडीए फक्त 44एए(1) मधल्या व्यवसायांना आहे: वकिली, वैद्यकीय, अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखापाल, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट, आणि अधिसूचनेने आलेले माहिती तंत्रज्ञान, चित्रपट कलाकार वगैरे. भाषांतर त्यात नाही. माझ्या मते खरा जमाखर्च मांडून आयटीआर-3 हा विवरणपत्राचा फॉर्म भरणं सुरक्षित. खर्च मागायचा तर प्रत्येकाचं बिल हवं.

धागाकर्ता

बिलाप्रमाणेच हिशोब ठेवतो, म्हणजे 14,40,000. आयटीआर-4 मध्ये (44एडीए घेणाऱ्यांचा फॉर्म) शेवटी येणी-देणी विचारतात. तिथे ते मार्चचं बिल 80,000 लिहू?

प्रतिसाद 2

72,000. 31 मार्चला कंपनीकडून तेवढेच यायचे होते. 8,000 चं येणं सरकारकडून आहे, ते टीडीएसच्या तक्त्यात गेलं. देणी, शिल्लक माल आणि हातातली रोकड हे रकाने शून्य असले तरी शून्य लिहा, कोरे ठेवू नका.

भरण्याची घाई करू नका. कंपनीचं शेवटच्या तिमाहीचं टीडीएस विवरण 31 मेपर्यंत जातं, त्यामुळे जूनच्या मध्यानंतर 26एएस उतरवा. प्रत्येक नोंदीसमोर 'एफ' (नोंद पक्की) आहे का बघा. 'यू' असेल तर ते क्रेडिट अजून जुळलेलं नाही, कंपनीच्या हिशोबनिसाला दुरुस्ती करायला सांगा. मग एआयएस (आयकर खात्याकडचं तुमच्या व्यवहारांचं वार्षिक माहितीपत्रक) उघडा. एकच रक्कम दोनदा दिसली तर तिथेच हरकत नोंदवा. बचत खात्याचं व्याजही तिथे सापडेल. ते 'इतर उत्पन्नात' जातं, 14,40,000 मध्ये मिसळू नका.

आणि विवरणपत्र पाठवल्यापासून 30 दिवसांत ई-पडताळणी करा. ती होईपर्यंत परताव्याचं काम सुरूच होत नाही.