रुपिन पास : मेअखेर जावं की जूनचा पहिला आठवडा? बर्फाचं नक्की काय असतं तिथे?

सातारची_वाट
मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, रुपिन पास या हिमालयातल्या खिंडीच्या ट्रेकचं बुकिंग केलंय, २३ मेची बॅच आहे, उत्तराखंडातल्या धौलापासून सुरू करून हिमाचलातल्या सांगल्याला उतरायचं. आम्ही तिघं आहोत, मी, माझा भाऊ आणि बाबा. बाबा ५८ वर्षांचे आहेत पण तीस वर्षं सह्याद्री तुडवलाय त्यांनी, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने दोनदा केलाय आणि अजूनही रोज सकाळी अजिंक्यतारा चढून उतरून येतात, त्यामुळे दमाची काळजी नाहीये. काळजी बर्फाची आहे, कारण बर्फावर त्यांनी आणि मी आयुष्यात पाय ठेवलेला नाही, भाऊ एकदा केदारकंठाला जाऊन आलाय तेवढंच.

आज ऑर्गनायझरचा फोन आला की यंदा खाली सरुवासच्या कॅम्पपासूनच बर्फ लागतोय, हवं तर ६ जूनच्या बॅचला बदलून घ्या, पण रविवारपर्यंत सांगा. आता आमच्या घरात दोन तट पडलेत, भाऊ म्हणतो बर्फ असेल तरच मजा आहे, आई म्हणते जूनच घ्या, आणि बाबा म्हणतात ज्यांनी बघितलंय त्यांना विचार. तर विचारतेय. जास्त बर्फ म्हणजे जास्त धोका असं सरळ गणित असतं का? आणि वरची ती शेवटची घळ म्हणतात ती नवख्या माणसाला जमते का? व्हिडिओ बघून बघून अजून भीती वाटायला लागलीये.

नाशिककर_भटका
मंगळवार, रात्री ११:१५

ताई डोळे झाकून जून घ्या. जितका बर्फ कमी तितका ट्रेक सोपा, वाट दिसते, पाय भिजत नाहीत, थंडी पण कमी. घरातल्या मोठ्या माणसाला घेऊन जाताय तर रिस्क कशाला.

रानवाटा
बुधवार, सकाळी ७:०५

नाशिककर, जून घ्या याच्याशी मी सहमत आहे पण कारण पटलं नाही, आणि ते कारण मनात धरून कोणी गेलं तर पंचाईत होईल म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी रुपिन तीन वेळा केलाय, एकदा मेच्या शेवटच्या आठवड्यात, एकदा जूनच्या मध्यावर आणि एकदा सप्टेंबरात, आणि सगळ्यात जास्त घाबरलो ते सप्टेंबरात, तेव्हा घळीत बर्फाचा कण नव्हता.

ताई, तुमच्या बाबांना लगेच कळेल अशा भाषेत सांगतो. खिंड आहे ४६५० मीटरवर, म्हणजे सव्वापंधरा हजार फूट, आणि तिच्या खालची ती शेवटची घळ म्हणजे नळीच्या वाटेचाच प्रकार, दोन्ही बाजूंना कातळ आणि मधे नाळ. बर्फ वितळला की त्या नाळेत उरतो फक्त घसारा, एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली येतं आणि वरच्या माणसाच्या पायाखालचा धोंडा खालच्याच्या दिशेने सुटतो. तीच घळ बर्फाने भरलेली असली की सगळे धोंडे आत गाडलेले असतात, गाईड पुढे जाऊन आइस अ‍ॅक्सने पायऱ्या खोदतो आणि आपण त्या पायऱ्यांत बुटाचं टोक मारत मारत जिना चढल्यासारखं वर जातो. चढ उभाच आहे, घाम फुटतो, पण पाय ठरतो. म्हणून घळीसाठी बर्फ हा आपल्या बाजूने आहे असंच मी म्हणेन.

मग धोका कुठे आहे, तर तो खाली नदीवर आहे. उदकनालच्या पुढे सरुवास आणि धंदेरास या कॅम्पपर्यंत रुपिन नदीवर बर्फाचे पूल असतात, हिवाळ्यात वरून कोसळलेला बर्फ नदीवर साचून घट्ट होतो आणि पाणी खालून वाहत राहतं. वरून ऊन आणि खालून पाणी असं दोन्हीकडून त्याला खाल्लं जातं, त्यामुळे मेच्या मध्यावर जो पूल सात-आठ फूट जाड असतो तो जूनमध्ये वीतभर उरलेला असू शकतो आणि वरून मात्र दोन्ही सारखेच पांढरे दिसतात. जूनच्या फेरीत आमचा गाईड एका पुलापाशी थांबला, काठी मारून बघितली, तर आवाज भरीव न येता रिकाम्या पिंपावर थाप मारल्यासारखा आला. मधोमध करडा झालेला भाग होता आणि तो जरासा खाली बसलेला होता. आम्ही परत फिरलो आणि काठाकाठाने दगडांतून वर चढून पाऊण तास जास्त चाललो. दुपारी मागे वळून बघितलं तेव्हा त्याच पुलाला मधे घमेल्याएवढं भोक पडलेलं होतं आणि आतून पाणी उसळताना दिसत होतं.

त्यामुळे तुमच्या गणिताचं उत्तर असं की बर्फ किती आहे यापेक्षा तो किती वाजता तुडवायचा हे महत्त्वाचं. पहाटे चारला तोच बर्फ सिमेंटसारखा असतो आणि अकराला साबुदाण्याच्या खिचडीसारखा भुसभुशीत होतो, मांडीपर्यंत पाय आत जातो. त्यातून मोठ्या दगडांच्या आसपास तर जास्तच, कारण दगड तापतो आणि भोवतीचा बर्फ आतून पोकळ करतो, म्हणून दगड दिसला की त्याच्या जवळून न जाता चार पावलं लांबून जायचं. आणि चढायची बाजू दक्षिणेकडची आहे, तिला ऊन लवकर लागतं, सांगल्याकडची बाजू उत्तरेची म्हणून तिथे बर्फ जास्त दिवस टिकतो.

तेव्हा ऑर्गनायझरला तारीख बदलायच्या आधी एवढंच विचारा की वरच्या धबधब्याच्या कॅम्पवरून खिंडीच्या दिवशी किती वाजता निघता. चार-साडेचार म्हणाले तर ठीक. "आरामात नाश्ता करून सहाला" असं म्हणाले तर मी त्या ग्रुपबरोबर बाबांना नेणार नाही, मे असो की जून.

सह्यमित्र_ठाणे
बुधवार, सकाळी ९:३०

रानवाटा दादांनी घळीचं लिहिलंय ते शंभर टक्के, पण माझ्या मते घळीपेक्षा आदल्या दिवशीचा धंदेरासवरून वरच्या कॅम्पला जातानाचा तिरका ट्रॅव्हर्स जास्त जपून करायचा आहे. धबधब्याच्या शेजारून जाताना बर्फाचा उतार आडवा कापावा लागतो आणि खाली थेट पाणी आणि दगड. गेल्या वर्षी आमच्या ग्रुपमध्ये (नाव घेत नाही) तंबू आवरण्यात उशीर केला, आम्ही त्या ट्रॅव्हर्सवर पोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते, पायऱ्या वितळून गोल झाल्या होत्या आणि माझ्या पुढच्या मुलीचा पाय सटकला. ती पंधरा-वीस फूट घसरत गेली, नशीब की खाली गाईडचा मदतनीस उभा होता त्याने तिला छातीवर झेललं. तिला काही लागलं नाही पण त्यानंतर दोन दिवस ती कोणाशी बोलली नाही, आणि मला अजूनही तिच्या पोंचोचा बर्फावरून गेलेला सर्र आवाज आठवतो. पोंचो, रेनकोट असलं गुळगुळीत काही अंगात असलं की घसरगुंडीला ब्रेकच लागत नाही, म्हणून ट्रॅव्हर्सवर ते घालू नका, अंगाला बसणारं जॅकेट घाला.

आणि धंदेरासला पोचलात की शांत बसून बघा, तीन टप्प्यांत पडणारा धबधबा समोर आणि जूनमध्ये ओल्या कुरणात पिवळी फुलं. तेवढ्यासाठी तरी जाच.

डॉ_कोल्हापूर
बुधवार, दुपारी २:१०

बाबांच्या वयाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, मी स्वतः फिजिशियन आहे. ५८ हा आकडा अडचणीचा नाही, उंचीचा त्रास वय बघून होत नाही, पंचविशीतल्या पळणाऱ्या पोराला होतो आणि साठीच्या माणसाला होत नाही असं नेहमी दिसतं. पण कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे सह्याद्रीत कितीही फिरलात तरी शरीराला विरळ हवेची ओळख झालेली नसते. निघायच्या आधी बीपी, शुगर, ईसीजी आणि शक्य असेल तर स्ट्रेस टेस्ट करून घ्या. बीपीची गोळी चालू असेल तर आपल्या डॉक्टरांना ट्रेकचं स्पष्ट सांगा, काही गोळ्यांनी पाणी जास्त जातं. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही हे पण त्यांनाच विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगायलाच हवं.

डोकं दुखणं, मळमळ, जेवण नको वाटणं ही सुरुवात असते आणि आपली मंडळी ती लपवतात, माझ्यामुळे ग्रुप थांबायला नको म्हणून. बाबांना आत्ताच सांगून ठेवा की लपवायचं नाही. चालताना तोल जायला लागला, बरळणं सुरू झालं किंवा बसल्या जागी धाप लागली तर औषधाची वाट न बघता खाली उतरवायचं, रात्र असली तरी.

बर्फावरचं ऊन पण हलक्यात घेऊ नका. ते खालून परत येतं, त्यामुळे हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या आत भाजतं, तिथेही सनस्क्रीन लावा. आणि पूर्ण यूव्ही अडवणारा, कडेने बंद असलेला गॉगल. रस्त्यावरचा काळा गॉगल घालून गेलेल्या एका पेशंटला रात्री डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं झालं होतं, दीड दिवस डोळे उघडता येत नव्हते.

सातारची_वाट
बुधवार, रात्री ९:२०

इतकं मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खरंच खूप आभार. बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं, नळीच्या वाटेचं ऐकल्यावर त्यांचा चेहरा एकदम खुलला. ऑर्गनायझरला विचारलं, ते म्हणाले पहाटे चारला निघतो आणि पायऱ्या खोदायला दोन माणसं पुढे असतात, मायक्रोस्पाइक्स (बुटाखाली चढवायचे खिळे) आणि गेटर्स (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायची कव्हरं) ते देतात. आता दोनच शंका. एक, उतरताना काय करायचं, सगळे घसरगुंडी करतात म्हणे. दुसरी, हवामान कुठे बघायचं, मोबाईलवर रुपिन पास टाकलं की प्रत्येक ॲप वेगळंच दाखवतं.

रानवाटा
गुरुवार, सकाळी ६:५०

चारला निघतात म्हणजे आठ-नऊच्या सुमारास घळीत असाल, छान आहे.

खिंडीच्या पलीकडे रोंटी गाडच्या कॅम्पच्या बाजूला लांबच लांब उतार आहे आणि हो, लोक घसरत जातात, मी पण गेलोय आणि तो आनंद विसरता येत नाही. पण गाईडने स्वतः खाली जाऊन बघितलेला उतार असेल आणि शेवट सपाट बर्फात होत असेल तरच, खाली दगड दिसत असतील तर नाही. मायक्रोस्पाइक्स काढून मगच बसायचं, ते पायात ठेवून घसरलं तर खिळे बर्फात रुततात आणि घोटा पिळवटतो. बाकी ठिकाणी चालतच उतरायचं आणि त्याची पद्धत बाबांना आधीच येते, घसाऱ्यावरून उतरताना आपण टाच रोवत जातो ना, अगदी तेच. मागे रेललं की पाय सुटतो, नाक पायाच्या अंगठ्याच्या रेषेत ठेवून टाच ठोकत जायचं. नवखा माणूस घाबरून मागे झुकतो आणि तिथेच पडतो.

हवामानाचं म्हणाल तर सांगल्याचं बघा. सांगला साधारण २७०० मीटरवर आहे आणि हजार मीटरमागे साडेसहा अंश तापमान उतरतं असं धरायचं, म्हणजे खिंडीत बारा-तेरा अंश कमी. सांगल्याला पहाटे सहा अंश दाखवत असेल तर वर उणे सहा-सात. पण त्याहून मी रात्रीचं आभाळ बघतो. आभाळ निरभ्र असलं की बर्फातली उष्णता वर निघून जाते आणि पहाटे बर्फ कडक मिळतो. रात्रभर ढग असले तर पांघरूण घातल्यासारखं होतं, बर्फ नीट गोठतच नाही आणि पहाटे चारलाच मऊ लागतो. अशा दिवशी गाईड म्हणाला की आज थांबू तर हुज्जत घालू नका. दुपारनंतर मे-जूनमध्ये गारा आणि वादळ नेहमीचं आहे, आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात तिकडे पाऊस पोचतो, म्हणून २० जूनच्या पुढे मी कोणालाच सांगत नाही.

तारखेबद्दल माझं मत, यंदा बर्फ खालपर्यंत आहे म्हणताय तर ६ जून घ्या. घळ तेव्हाही भरलेली मिळेल, आणि सरुवासपासूनची बर्फातली दोन दिवसांची ओली पायपीट वाचेल, बाबांचे पाय खिंडीच्या दिवसासाठी ताजे राहतील. पूल मात्र पातळ झालेले असतील, तिथे गाईड म्हणेल तो वळसा मुकाट्याने घ्यायचा आणि एकावेळी एकानेच जायचं.

नाशिककर_भटका
गुरुवार, सकाळी ८:४५

रानवाटा दादा, माझं उत्तर मी परत वाचलं, ते चुकीचं होतं. मी रुपिन केला नाहीये, हिमाचलातली हामटा खिंड केली होती ऑगस्टमध्ये आणि त्यावरून बोललो. घसारा आणि बर्फाचा हा फरक मला माहीत नव्हता, समजावलंत ते बरं झालं.

ताई एक माझ्या अनुभवातलं सांगतो, रात्री बूट तंबूच्या आत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पायाशी घेऊन झोपा. बाहेर ठेवलेले बूट पहाटे लाकडासारखे होतात, लेसची गाठसुद्धा सुटत नाही, आणि चारला निघायचं असताना त्यात अर्धा तास जातो. हातमोज्यांचे पण दोन जोड ठेवा.

सातारची_वाट
शुक्रवार, संध्याकाळी ७:३०

६ जून फायनल केलं. भाऊ जरा हिरमुसला होता पण रोंटी गाडच्या घसरगुंडीचं वाचून गप्प झाला. बाबांची स्ट्रेस टेस्ट सोमवारी आहे. आणि ते आजच यवतेश्वरच्या बाजूला जाऊन मुरमाड घसाऱ्याचा एक उतार बघून आलेत, उद्यापासून सकाळी आम्ही तिघं तिथे टाच रोवून उतरायची सवय करणार आहोत. हातमोजे लोकरीचे घ्यायचे की वॉटरप्रूफ?

रानवाटा
शुक्रवार, रात्री ८:०५

आत लोकरीचे आणि वरून वॉटरप्रूफ. घळीत हात सारखे बर्फात टेकावे लागतात, नुसती लोकर दहा मिनिटांत भिजते. कोरडा जोड सॅकमध्ये खाली टाकू नका, जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा.