प्रतिसाद: ब्रोमीनचा रंग गेला म्हणजे असंपृक्तच?

‘ब्रोमीन जलाचा रंग उडाला की संयुग असंपृक्त’ (म्हणजे त्यात कार्बन-कार्बन दुहेरी किंवा तिहेरी बंध आहे) हे वर आलेलं विधान अर्धंच खरं आहे. फेनॉल आणि अ‍ॅनिलीनसुद्धा रंग घालवतात, पण ते प्रतियोजनाने, म्हणजे हायड्रोजनच्या जागी ब्रोमीन येऊन. तिथे पांढरा अवक्षेप (न विरघळणारा साका) पडतो (फेनॉलपासून २,४,६-ट्रायब्रोमोफेनॉल), म्हणून रंगाबरोबर परीक्षानळीचा तळही बघायचा. उलट बेंझीनमध्ये तीन दुहेरी बंध काढून दाखवतात, तरी उत्प्रेरकाशिवाय ते ब्रोमीनला दाद देत नाही. हेक्झेन संपृक्त असूनही त्याची नळी उन्हात ठेवली तर तीही हळूहळू फिकी पडते, तेव्हा चाचणी सावलीतच करा. ब्रोमीन डायक्लोरोमिथेनमध्ये घेतलं तर फरक पटकन कळतो: प्रतियोजन झालं की हायड्रोजन ब्रोमाइडचा धूर येतो आणि नळीच्या तोंडाशी धरलेला ओला निळा लिटमस लाल होतो. पाण्यात मात्र तो वायू विरघळून जातो, काही दिसत नाही.

तेल तपासताना नळी नीट हलवा, ते पाण्यात मिसळत नाही. जोडीला असंपृक्तता तपासणारी बेयर चाचणी करा: १ टक्का थंड पोटॅशियम परमँगनेट, किंचित अल्कधर्मी, थेंबाथेंबाने. जांभळा रंग जाऊन मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी गाळ यायला हवा. अल्डिहाइडही हाच बदल दाखवून इथे फसवतात, म्हणून एकट्या बेयरवर विसंबू नका. तुलनेसाठी नुसत्या द्रावकाची नळी शेजारी हवीच.